वाचलेली ओळ कापायची

मंगळवारी सकाळी साडेअकराला सुलक्षणानं लग्नपत्रिकेतली पहिली आख्खी ओळ कापली, आणि बारा वाजायच्या आत तिचे आजोबा अभिमन आबा ही बातमी गावभर सांगून आले. पुढचा सगळा घोळ त्या अर्ध्या तासातला.

शाळेत पोरीनं लग्नपत्रिका कशाला कापायची, ते आधी सांगायला हवं. करंजपुरा हे पारोळा तालुक्यातलं लहान गाव. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. पोरं एकतीस, शिक्षक दोन. सुलक्षणा तिसरीत. तिला सुटी अक्षरं येत होती. फळ्यावर एकच शब्द लिहिला तर ती न चुकता वाचायची. पण पुस्तकाचं पान उघडलं की ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या. एका ओळीतून निघालेली सुलक्षणा भलत्याच ओळीत उतरायची, एरंडोलच्या गाडीत बसलेला माणूस अमळनेरला उतरावा तशी. पोरं हसायची. मग तिचं पोट दुखायला लागायचं, आणि ते नेमकं मराठीच्या तासाला दुखायचं.

मुख्याध्यापक प्रेमराज सरांनी तिचं नाव विशेष शिक्षिकेकडं कळवलं. या प्रज्ञा मॅडम अमळनेरहून यायच्या. त्यांच्याकडं सहा शाळा होत्या. करंजपुऱ्याच्या वाट्याला मंगळवारचा एक तास आणि शुक्रवारचा एक तास. फाट्यापर्यंत एसटी, पुढं ज्याची मोटरसायकल मिळेल ती. बसायला जागा म्हणजे खिचडीच्या तांदळाची खोली. अर्ध्या खोलीत पोती, अर्ध्या खोलीत चटई.

मॅडमची रीत साधी होती. जुनी जाड लग्नपत्रिका घ्यायची आणि तिच्यात एका ओळीएवढी खिडकी कापायची. ती पत्रिका पुस्तकावर ठेवली की खिडकीतून एकच ओळ दिसते, बाकीच्या ओळी मागं गप बसतात. फक्त एक नियम होता. खिडकी पोरानं स्वतः कापायची, आणि पत्रिकेवरचं जेवढं वाचता येईल तेवढंच कापायचं. न वाचलेल्याला कात्री लावायची नाही.

पहिल्या दिवशी सुलक्षणाला 'शनिवार' एवढंच वाचता आलं. खिडकी एका शब्दाची झाली. त्या एका शब्दाच्या भोकातून तिनं तीन आठवडे पुस्तक वाचलं. आणि या मंगळवारी तिनं नवीन पत्रिकेवरची 'आमचे येथे श्री कृपेकरून' ही पूर्ण ओळ वाचली आणि कापली.

खोलीबाहेरच्या कट्ट्यावर आबा बसलेच होते. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना शाळेच्या बाजूला हमखास काहीतरी काम निघायचं.

आबांना स्वतःला अक्षर भेटलं तेव्हा त्यांचं वय त्रेसष्ट होतं. याच शाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरायचा, तिथं प्रेमराज सरांनी त्यांचा हात धरून 'अ' गिरवून घेतला होता. त्याआधी साठ वर्षं आबांनी गाडीची पाटी कधी वाचली नव्हती. कंडक्टर काय ओरडतो ते ऐकून चढायचं. ओळखीचं अक्षर ऐनवेळी तोंड फिरवतं तेव्हा माणसाला कसं वाटतं, हे आबांना पक्कं माहीत होतं. म्हणून नातीचं पोट का दुखतं ते घरात फक्त त्यांनाच कळलं होतं.

मॅडमचे उपकार कसे फेडावे, हे त्यांना कळेना. एकदा त्यांनी भरताची वांगी नेली. मॅडमनी ती खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडं दिली आणि त्या दिवशी सगळ्या पोरांनी वांगं खाल्लं. एकदा केळ्यांची फणी नेली, तिचंही तेच झालं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आबा, आणायचंच असेल तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणा. त्या कितीही चालतील."

पण पत्रिका जमवेपर्यंत आबांना दम नव्हता. त्यांच्याकडं देण्यासारखी दुसरी वस्तू होती ती म्हणजे तोंड. ते त्यांनी त्या मंगळवारी सढळपणे वापरलं. दूध डेअरीवर सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, हातपंपावरच्या बायांना थांबवून सांगितलं, आणि शेवटी उखर्डू नानांच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन पहिल्यापासून सांगितलं.

"एक मॅडम, एक पोर," आबा गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "चाळीस मिनिट. मधमा कोनी बोलत नही. पोरगी ओळ वाची राह्यनी नाना, आख्खी ओळ."

नानांनी गिरणी बंद केली. त्यांची नात कामिनी चौथीत होती. पहिलीपासून पहिला नंबर. गिरणीवर बसून ती नानांना रोज पेपर वाचून दाखवायची, जाहिरातींसकट. आबांच्या सांगण्यातलं कौतुक नानांच्या कानावरून गेलं, राहिला तो हिशेब.

"मनी कामिनी पयला नंबरनी पोर," नाना म्हणाले. "तिले तीस जनस्मा बसाडतस. आनि जिले येत नही तिले एकलीले मॅडम. हाऊ कथाना न्याय?"

दुसऱ्या दिवशी नाना शाळेत गेले. प्रेमराज सर एका हातानं घंटा देत होते आणि दुसऱ्या हातानं पहिलीतल्या पोराची चड्डी वर ओढत होते. नानांनी कामिनीसाठी खोलीत जागा मागितली. सरांनी घाईघाईत सांगितलं, की नाना, ज्याला वाचता येत नाही त्यालाच तिथं जागा आहे, पुढच्या आठवड्यात वाचनाची चाचणी आहे, त्यात जे अडतील त्यांचीच नावं जातात.

सरांनी अडचण सांगितली होती. नानांनी ती अट म्हणून ऐकली. खेड्यातल्या माणसानं आयुष्यभर कचेरीतल्या अटी पाहिलेल्या असतात, कशाला काय कागद लागतो ते त्याला ठाऊक असतं. इथं लागत होतं ते न वाचणं. ते फुकट होतं आणि घरच्या घरी होण्यासारखं होतं.

रात्रीच्या जेवणाला नानांनी कामिनीला मुद्दाम अडायचं समजावलं, "चाचनीमा अडी जायजो. बठ्ठं येस ते दिखाडू नको."

कामिनीला आधी रडू आलं. मग तिनं विचार केला, की अडायचंच असेल तर अडण्यातही पहिला नंबर काढावा. नानांनी तेवढ्यात ही युक्ती शेजारच्या भागाबाईंना सांगितली होती. भागाबाईंनी ती हातपंपावर नेली. तीन दिवसांत गावातल्या प्रत्येक घरानं आपापल्या पोराला न वाचण्याची ताकीद दिली. आणि शिकवण्याचं काम आपोआप कामिनीकडं आलं.

मधल्या सुट्टीत शाळेमागच्या कडुलिंबाखाली तिचा वर्ग भरू लागला. तिची शिस्त सरांपेक्षा कडक. एका पोरानं पुस्तक उलटं धरून दाखवलं, त्याला तिनं तिथंच उठवलं. "उलटं धरू नको. ते खोटं वाटस. खरं वाटाले जोयजे." तिनं प्रत्येकाला वेगळं काम दिलं. कोणी जोडाक्षराला थांबायचं, कोणी ओळ गाळायची, कोणी नुसतं खोकायचं. पण कुठं थांबायचं हे कळायला आधी धडा नीट वाचावा लागतो. म्हणून तिनं सगळ्यांकडून सरावाचे बाराही उतारे तीन-तीनदा मोठ्यानं वाचून घेतले. ज्याला खरंच थोडं अडायचं त्याला तर पाच-पाचदा.

चाचणीच्या दिवशी एकतीसपैकी सव्वीस पोरं अडली. उरलेली पाच पहिलीतली होती. त्यांना कामिनीचं शिकवणं समजलं नव्हतं, म्हणून ती खरं खरं वाचून मोकळी झाली.

प्रेमराज सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. कामिनीसुद्धा 'पाणी' शब्दावर अडली तेव्हा त्यांना आपलीच शिकवण्याची ताकद संपली असं वाटलं. माणूस सरळ. जे दिसलं ते त्यांनी मोबाईलमध्ये भरलं आणि वर पाठवलं. मोबाईलमधून वर गेलेली माहिती परत बोलावता येत नाही, हे त्यांना नंतर आठवलं.

शुक्रवारी प्रज्ञा मॅडम खोलीत आल्या तेव्हा चटईवर, पोत्यांवर आणि पोत्यांच्या मधल्या फटीत मिळून सव्वीस पोरं बसली होती. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली एक लग्नपत्रिका आणि निम्म्यांच्या हातात कात्री. तासाच्या चाळीस मिनिटांत एकेका पोराला जेमतेम दीड मिनिट आलं. सुलक्षणाचा नंबर शेवटी लागला. तिनं दप्तरातून पत्रिका काढली, पान उघडलं, आणि घंटा झाली.

घरी आल्यावर आबांनी नेहमीसारखं विचारलं, "आज काय कापं?"

"कायबी नही," ती म्हणाली आणि पोटावर हात ठेवून आडवी झाली.

आबांना तो हात बरोबर ओळखू आला. ते तसेच शाळेत गेले. ओसरीवर प्रेमराज सर आणि प्रज्ञा मॅडम बसले होते. मॅडमना खोटं अडणं पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. प्रत्येक पोर आधीच ठरवून दिल्यासारखं नेमक्या जागी अडत होतं. त्या म्हणाल्या, की खरं अडणारं मूल कुठं अडेल ते त्यालाही आधी माहीत नसतं. शिवाय खरं अडणारं मूल लाजतं, आणि ही पोरं अडली की खोलीच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपापल्या आईकडं बघून हसत होती.

पण आता कळून उपयोग नव्हता. तालुक्याच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले होते. सव्वीस पोरं खरंच अडत असतील तर सरांनी वर्षभर केलं काय? आणि अडत नसतील तर मॅडमचे तास इथं कशाला ठेवायचे? त्यांना दुसऱ्या शाळा मागत होत्या. मंगळवारी साहेब स्वतः येऊन पोरांची वाचनं घेणार होते.

आबांनी सगळं ऐकलं. कोणत्याही बाजूनं गेलं तरी गाडी आपल्याच दारात येते हे त्यांच्या लक्षात आलं. पोरं अडली तर ज्या सरांनी आपल्याला 'अ' शिकवला त्यांच्यावर बालंट. पोरं वाचली तर मॅडम जाणार, आणि सुलक्षणा एका ओळीवर अर्ध्यात राहणार.

घरी त्यांनी बायकोला, ताईबाईंना, हे सांगितलं. ताईबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "तुमना तोंडले झाकन नही."

ते खरं होतं. म्हणून शनिवारी आणि रविवारी आबा पुन्हा त्याच वाटेनं निघाले, डेअरी, न्हावी, हातपंप, गिरणी. यावेळी उलटं सांगत. पण पहिल्या सांगण्यात इतका जीव होता, की दुसरं सांगणं कोणाला पटेना.

"नाना, ती खोली अडेल पोरस्नी शे," आबांनी गिरणीवर विनवलं. "तुमनी कामिनी घोडासारखी पयस. तिले काय करनी ती खोली?"

नाना काही बोलायच्या आत पिठाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या भागाबाई म्हणाल्या, "तुमनी पोर पार व्हयनी, आते आमना पोरस्ले दार लावतस का आबा?"

आबा माघारी वळले. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर आबांनीही हेच विचारलं असतं.

मंगळवारी साहेब आले. ओसरीवर टेबल मांडलं, पोरांना रांगेत बसवलं. गाव कुंपणाच्या भिंतीबाहेर जमलं होतं. शेतावर जायचं कोणाच्या मनात नव्हतं. भिंतीच्या एका टोकाला आबा आणि दुसऱ्या टोकाला नाना.

साहेब बेरकी होते, पण वाईट नव्हते. त्यांनी सरावातला उतारा घेतला नाही. बॅगेतून एक नवाच कागद काढला. एका शेळीची गोष्ट होती ती. शेळी शाळेत शिरते आणि टेबलावरचं काहीतरी खाते, अशी.

पहिलं पोर उठलं. त्याला जोडाक्षरावर थांबायचं काम होतं. जोडाक्षर कुठं आहे ते शोधत त्यानं पहिली ओळ वाचली, तिथं नव्हतं. दुसरी वाचली, तिथंही नव्हतं. तिसऱ्या ओळीत सापडलं, पण तोवर शेळी टेबलापाशी पोचली होती, आणि ती काय खाते हे कळल्याशिवाय थांबणं त्याला जमेना. तो शेवटपर्यंत वाचून गेला, मग दचकला आणि उशिरानं एकदा खोकला.

साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली.

दुसरं पोर तसंच. तिसरं तसंच. शेळीनं हजेरीचं पुस्तक खाल्लं होतं, त्यामुळं आता हजेरी कशी घेणार याची सगळ्या रांगेला काळजी लागली. ज्याचा नंबर नव्हता तेही पुढचा शब्द सांगू लागलं. भिंतीबाहेर भागाबाईंनी कपाळाला हात लावला. कामिनीनं रांगेतून दोनदा मोठ्यानं घसा साफ केला, पण तिची शाळा शेळीपुढं हरली होती.

मग तिचा स्वतःचा नंबर आला. तिनं शब्द पाळला. ती पहिल्या शब्दाला थांबली, दुसऱ्याला घाम पुसला, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आणलं. तिच्याइतकं सुंदर त्या दिवशी कोणीच अडलं नाही. साहेबांनी हळहळून फुलीची खूण केली. नानांनी भिंतीपलीकडून मान हलवून शाबासकी दिली.

तिच्यानंतर सुलक्षणा.

ती उठली, कागद टेबलावर ठेवला, त्यावर पत्रिका ठेवली. खिडकीत पहिली ओळ बसवली. मग बोट न लावता, घाई न करता, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी तिनं ती वाचली. पत्रिका खाली सरकवली. दुसरी ओळ वाचली. अशा सहा ओळी. वेळ लागला, पण एकही शब्द सांडला नाही. शेवटच्या ओळीनंतर तिनं आबांकडं पाहिलं. आबा भिंतीची माती नखांनी कोरत होते.

तेवढ्यात कामिनी रांगेतून उठून टेबलापाशी गेली. सुलक्षणा पास आणि आपण नापास, हे तिच्या छातीत मावत नव्हतं. खोली गेली खड्ड्यात.

"साहेब, माझं परत घ्या," ती म्हणाली. परवानगीची वाट न बघता तिनं शेळी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात वाचून टाकली, आणि खाली छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

साहेब हसले. त्यांनी फुली खोडली. उरलेली पोरं आता चढाओढीनं वाचली. थोड्या वेळानं त्यांनी बेरीज केली आणि प्रेमराज सरांकडं वळून म्हणाले, की सर, तुमच्याकडं सगळी पोरं वाचतात, मोबाईलमध्ये चूक झालेली दिसते, ती मी दुरुस्त करतो. सरांच्या चेहऱ्यावर आठवड्यानंतर रक्त आलं. मग साहेबांनी पेन टोपणात घातलं आणि प्रज्ञा मॅडमना म्हणाले, "म्हणजे तुमचं इथलं काम संपलं, मॅडम. पुढच्या आठवड्यापासून हे दोन तास दुसऱ्या शाळेला देऊ."

आबांनी भिंत सोडली. इतक्या वर्षांत त्यांनी पोरगी वाचावी म्हणून किती नवस बोलले होते, आणि ती वाचली म्हणूनच तिची मॅडम चालली होती.

मॅडम उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी सुलक्षणाला जवळ बोलावलं. "सुलक्षणा, साहेबांना खिडकीशिवाय पान कसं दिसतं ते दाखवायचं का? तुला नको असेल तर नको."

सुलक्षणानं पत्रिकेकडं पाहिलं. मग सगळ्या रांगेकडं, मग भिंतीबाहेरच्या सगळ्या गावाकडं. तिचा हात पोटाकडं गेला आणि अर्ध्यावरून परत आला. तिनं पत्रिका टेबलावर उलटी ठेवली.

पहिली ओळ तिनं वाचली. दुसऱ्या ओळीत दोन शब्दांनंतर ती चौथ्या ओळीत उतरली. परत फिरली. पुन्हा पहिलीच ओळ लागली. ओठ हलत होते आणि आवाज बारीक होत गेला. तिसऱ्यांदा ती चुकली तेव्हा कागदावर एक थेंब पडला.

कोणी हसलं नाही. दहा-बारा दिवस जे गाव अडण्याची तालीम करत होतं त्यानं अडणं म्हणजे काय ते आज पाहिलं. भागाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. कामिनी आपल्या पायांकडं बघत राहिली, आणि नानांनी डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकली.

"पत्रिका द्या तिला," साहेब हळू म्हणाले.

खिडकी परत आली. सुलक्षणानं नाक पुसलं आणि जिथं हरवली होती तिथून पुढं शेळीला घेऊन निघाली. मॅडमनी साहेबांना सांगितलं, की आता ही खिडकी हळूहळू मोठी करायची, एका ओळीची दोन ओळींची, मग अर्ध्या पानाची, आणि एक दिवस पत्रिकाच नको होईल, पण त्याला अजून बरेच मंगळवार लागतील.

साहेबांनी टोपण काढलं. 'विशेष साहाय्याची गरज असलेले विद्यार्थी' या रकान्यात त्यांनी एक आकडा लिहिला, 'एक', आणि त्याच्यापुढं मंगळवार आणि शुक्रवार लिहून सही केली.

भिंतीबाहेर आबांनी हात जोडले. नात अडखळली म्हणून देवाचे आभार मानणारा करंजपुऱ्यातला तो पहिलाच माणूस.

त्या संध्याकाळी ते गिरणीवर गेले नाहीत. डेअरीवर दूध घातलं आणि मुकाट घरी आले. ताईबाईंनी दोनदा विचारलं, ताप तर नाही ना. आबांनी ठरवलं होतं, की यावेळी मॅडमचे आभार तोंडानं मानायचे नाहीत. त्यांनी देवळीतल्या, खणातल्या आणि फोटोंच्या मागच्या सगळ्या लग्नपत्रिका काढल्या, सुतळीनं बांधल्या, आणि शुक्रवारी न बोलता खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून आले. त्यांचं बघून उखर्डू नानांनी आपल्या घरच्या आणल्या, भागाबाईंनी त्यांच्या. गल्लीतल्या पत्रिका संपल्या. बोलायला तोंड नव्हतं म्हणून प्रत्येकानं पत्रिकाच दिल्या. मॅडमनी दोन सुलक्षणासाठी ठेवल्या, बाकी मधल्या सुट्टीत पोरांना वाटून टाकल्या.

रविवारी सकाळी आबांच्या दारात क्रूझर गाडी उभी राहिली. ताईबाईंच्या भावाच्या, झिपरू मामांच्या, घरचं लग्न. आबांचं घर, नानांचं घर आणि भागाबाई असे बाराजण नटून गाडीत बसले. ड्रायव्हरनं विचारलं, कुठं जायचं.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. ताईबाई उतरून घरात गेल्या, देवाच्या फोटोमागं हात घातला, आणि तशाच बाहेर आल्या. पत्रिका नव्हती. आबांनी बांधलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात वरची, चकचकीत, ती नेमकी हीच होती.

कार्यालय पारोळ्यात, असं नाना म्हणत होते. भागाबाईंना अमळनेर आठवत होतं. झिपरू मामांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. तिकडं वाजंत्री सुरू असणार. नानांच्या घरी आलेली पत्रिका कामिनीकडं होती. तिनं ती पिशवीतून काढली. कामिनीनं पत्रिकेवरचं सगळंच वाचलं होतं, आणि वाचलं तेवढं कापायचं असा नियम असल्यामुळं तिच्या हातात आता नुसती सोनेरी चौकट उरली होती. तुला आठवत असेल ना, असं नानांनी विचारलं. कामिनी इतक्या वेगानं वाचायची की त्यातलं तिच्याजवळ काही थांबायचं नाही. ती म्हणाली, "पारोळा, बहुतेक."

सुलक्षणा मागच्या सीटवर बसली होती. तिनं दप्तर सोबत घेतलं होतं. तिनं मॅडमनी तिच्यासाठी ठेवलेली, गठ्ठ्यातली तीच चकचकीत पत्रिका काढली. वर गणपती होता, खाली निमंत्रकांची नावं होती, आणि बरोबर मध्ये दोन ओळींची नवी खिडकी होती. शुक्रवारची.

ताईबाईंनी भोकातून पलीकडं पाहिलं. "आठेच तं व्हतं बठ्ठं. तेच कापी टाकं पोरी?"

"वाची लिधं, तवय कापं," सुलक्षणा म्हणाली. मग तिनं खिडकीवर बोट ठेवलं, जणू ओळी अजून तिथंच होत्या. "सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी. खालनी ओळ, एरंडोल, पद्मालय रस्ता, धान्य गोदामना समोरनं कार्यालय."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अकरा वीसला ते एरंडोलच्या मांडवात होते.

झिपरू मामा धावत आले. फोन आता कुठं पाहिला म्हणाले, आणि ताईबाईंनी पत्रिका हरवल्याचं सांगताच, मग वेळेवर कसे आलात, असं त्यांनी आबांना विचारलं.

आबांनी तोंड उघडलं. तांदळाची खोली, शेळी, साहेब, मॅडम, दोन ओळींची खिडकी, सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. ताईबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. आबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पत्रिकामा लिखेल व्हतं," ते म्हणाले.

"लिखेल कथं व्हतं आबा?" मागून उखर्डू नाना पुढं आले. त्यांचा ऊर भरून आला होता. त्यांनी झिपरू मामांच्या खांद्यावर हात टाकला. "मामा, आमनी शाळामा एक मॅडम येतीस. एक मॅडम, एक पोर. चाळीस मिनिट. मधमा कोनी बोलत नही."

झिपरू मामांचे डोळे चमकले. त्यांचा नातू दुसरीत होता, हुशार होता.

आबांनी नानांचा दंड धरला आणि काही न बोलता त्यांना पंगतीकडं घेऊन गेले.